मेरेवालेसीचा शेवटचा परिच्छेद

दोन पोरांना चोर ठरवायला तुम्हाला चोवीस मिनिटं लागली. त्यातली सहा तुमचा आवाज इकडे ऐकू येत नव्हता म्हणून गेली. उरली अठरा. तुमचं नाव मला ठाऊक नाही. निकालाच्या कागदाखाली नुसतं 'समिती' असं छापलंय. समितीला तोंड नसतं, त्यामुळे माणसाला तिच्यावर थुंकताही येत नाही. तुम्ही मोठ्या बेटावर, राजधानीत, थंड खोलीत बसलेले. आम्ही इकडे वानुआ लेवू बेटावर पत्र्याखाली. पण त्या निकालाआधीच्या तक्रारीच्या कागदावर एक सही आहे, ती माझी आहे. म्हणून आधी माझं सांगतो. तुमचं मागून विचारतो.

मी शिवचरण. दहावीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं फडाच्या बांधावर बसून, मिळेल ते वाचून. वर्तमानपत्रात लिहायचो. उसाच्या या मुलखात, तुमच्या कॉलेजाच्या इथल्या शाखेत लेखन आणि साहित्य शिकवायला तुमच्याकडचा कोणी पदवीवाला यायला तयार होईना, तेव्हा तुम्हाला माझी आठवण झाली. तात्पुरता घेतलात. नऊ वर्षं तात्पुरताच आहे. सकाळी ऊस, दोन वाजता वर्ग.

तर त्या मंगळवारी माझ्या वरच्या तुकड्याला आग लागली. कशानं लागली कळलं नाही. जळलेला ऊस थांबत नाही, दिवसागणिक साखर उतरते. त्यात साखरेची गिरणी दोन दिवस बंद पडलेली, लॉऱ्यांची रांग नदीच्या पुलापर्यंत. बुधवारी पहाटेच टोळी फडात उतरली. टोळीत अकरा जण, सहा आमचे हिंदुस्तानी, पाच पलीकडच्या वाइनिलोलो गावचे फिजियन. टोळीचा सरदार विलिकेसा. दाराएवढा रुंद माणूस, डाव्या हाताची करंगळी कोयत्यानं नेलेली. मीही कोयता घेऊन ओळीला लागलो.

"मास्तर, कोयता असा धरतात होय? खडू धरल्यागत धरलाय."

"तू खडू धरून दाखव एकदा."

"धरला होता की. मास्तरानं हातावर छडी हाणली, खडू पडला. तेव्हापासून कोयताच उचलला."

टोळी हसली. काजळीनं सगळ्यांची तोंडं एकाच रंगाची झाली होती, दात तेवढे वेगळे. माझी बायको कमलावती डबे घेऊन बांधावर आली. रोटी, भोपळ्याची भाजी, डब्यातली मासळी, उकडलेला कसावा.

"हात धुवा आधी," ती म्हणाली. "रोटी काळी करून खायची असेल तर उद्यापासून काळीच भाजते."

"आणि हे असेच जाणार का कॉलेजात?" विलिकेसानं माझ्याकडे बोट केलं.

"जाऊ दे. पोरांना कळेल तरी, मास्तर कुठून येतो ते."

विलिकेसाचा थोरला, आपेनिसा, माझ्याच वर्गात होता. बापाला त्याचा अभिमान होता, पण तो कधी बोलून दाखवत नसे. नुसतं विचारायचा, "आमचा बैल बसतोय का वर्गात?" मी म्हणायचो, "बसतोय, दारापाशी." तो मान हलवायचा आणि दुसऱ्या ओळीला लागायचा.

वर्गात तेवीस पोरं. ऊसवाल्यांच्या पोरी, नदीकाठच्या गावांतले फिजियन, चिनी दुकानदाराची एक मुलगी, राबी बेटावरून बोटीनं आलेला तेबानो. घरी प्रत्येकाची भाषा वेगळी. वर्गात इंग्रजी, ती कुणाचीच नाही. मला ते आवडायचं. सगळेच परके, मग लाजायचं कुणी कुणाला?

आगीच्या तीन आठवडे आधी मी त्यांना गृहपाठ दिला होता. घरात ऐकलेली एक गोष्ट लिहा. स्वतःच्या शब्दांत.

प्रवीणा म्हणून एक पोरगी आहे, बाप ट्रॅक्टर चालवतो. ती म्हणाली, "सर, माझी आजी गोष्ट सांगते ती शिव्यांसकट. शिव्या लिहू?"

"लिही."

"इंग्रजीत त्या लागतच नाहीत, सर."

वर्ग हसत सुटला. तेबानो म्हणाला, "आमची गोष्ट इथली नाही. आम्ही होतो ते बेट खताच्या मातीसाठी खणून नेलं, मग आम्हाला इथं आणलं."

"मग तीच लिही."

"ती सांगताना आमचे म्हातारे मधेच गप्प होतात."

"मग गप्प होतात ते लिही," मी म्हणालो आणि स्वतःवरच खूश झालो. स्वतःचे शब्द हा माझा देव होता. मला शब्द कुणी दिले नव्हते, मी एकेक ओढून आणलेले. म्हणून मला वाटायचं, ज्याचे शब्द त्यानं स्वतः ओढून आणले नाहीत तो आळशी, नाहीतर लबाड. तिसऱ्या तऱ्हेचा माणूस माझ्या डोक्यात नव्हता.

मेरेवालेसी पहिल्या बाकावर बसायची. वाइनिलोलोचीच. बाप मासेमारीच्या बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. ती वर्गात तोंड उघडत नसे. मी चर्चेचे गुण देताना तिला दहातले दोन द्यायचो. आपेनिसालाही तेच. पण ती आजारी म्हणून आली नाही त्या दोन दिवसांत याच आपेनिसानं माझी नक्कल करून वर्गाला रडेपर्यंत हसवलं होतं. एकदा मी दोघांची जोडी लावली, एकमेकांचं लिखाण वाचून सांगा म्हणून. त्या दिवशी दोघंही आले नाहीत. मी हजेरीत दोन फुल्या मारल्या. नुसत्या फुल्या. डोकं चालवलं नाही.

गृहपाठ दिला त्या दिवशी मेरेवालेसी वर्ग रिकामा होईपर्यंत थांबली होती. हे मला आता रोज आठवतं.

"सर, गोष्ट बदलायलाच हवी का?"

"बदलायची म्हणजे?"

"तुम्ही म्हणालात, स्वतःचे शब्द."

"हो. उसने शब्द नकोत."

तिला आणखी काही म्हणायचं होतं. ओठ हलले. मी पिशवीत कागद कोंबत होतो, खाली बस सुटायला आली होती. ती "बरं सर" म्हणाली.

तिला शिक्षिका व्हायचं होतं. वाइनिलोलोच्या शाळेत दोन वर्षं मास्तर नाही. तिला शिष्यवृत्ती होती ती त्याच बोलीवर, शिकून गावच्या शाळेत जायचं. हे मला माहीत होतं. तुमच्या कागदावरही ते तिसऱ्या ओळीत होतं.

जळक्या उसाच्या त्या बुधवारी मी काजळीच्या हातांनी कॉलेजात गेलो. गृहपाठ तुमच्या, उतरवलेलं लिखाण पकडणाऱ्या यंत्रातून तपासून आले होते. आपेनिसाचा आणि मेरेवालेसीचा कागद शेजारी ठेवला तर शंभरातल्या सत्याऐंशी ओळी लाल. शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम. माझं डोकं सणकलं. सकाळपासून पाठ मोडलेली, लॉरी मिळेना, आणि ही पोरं मला फसवतात? दोघांना एकदम माझ्या खोलीत बोलावलं. त्या खोलीत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं कपाटावर बसावं, एवढीच जागा.

"कुणी कुणाचं उतरवलं?"

आपेनिसा खाली बघत राहिला. त्याच्या मानेची शीर उडत होती. मेरेवालेसी दारातून आत येईना. मी म्हटलं, आत ये. ती आली ती भिंतीला चिकटून, तोंड फिरवून, त्याच्याकडे पाठ करून.

"बोला ना. वर्गात गप्प, इथंही गप्प. लिहिताना बरे दोघं एकच बोललात."

 आपेनिसाच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला, तो पुसायलाही त्यानं हात उचलला नाही. मी त्याला अपराधाचा घाम म्हटलं. तक्रारीचा अर्ज ओढला आणि सही केली. माझ्या अंगठ्याची काजळी त्या कागदावर उमटली आहे. तुमच्याकडे मूळ प्रत असेल, बघा.

मग तुमची अठरा मिनिटं. शुक्रवारी दुपारी, शाखेच्या खोलीत, भिंतीवरच्या पडद्यावर तुमचे तीन चेहरे. इकडे कॅमेऱ्यात दोघं मावावीत म्हणून शाखा सांभाळणाऱ्या बाईंनी पोरांना एकाच बाकावर बसवलं, जवळ सरका म्हणाल्या. ती बाकाच्या एका टोकाला, तो दुसऱ्या, अर्धा हवेत. तुमच्यातला एक पाणी पीत होता.

"तुम्हाला स्वतःच्या बाजूनं काही सांगायचं आहे?"

दोघंही खाली फरशीकडे बघत राहिले.

"विद्यार्थी गप्प आहेत, याची नोंद घ्यावी."

तेव्हा आपेनिसा उठला. कॅमेऱ्यातून त्याचं डोकं गेलं, तुम्हाला नुसता सदरा दिसला असेल. तो म्हणाला, "मी केलं. मी एकट्यानं. तिचा दोष नाही."

"म्हणजे तिच्या कागदावरून उतरवलं?"

त्यानं डोळे मिटले. "हो."

"म्हणजे तिनं तो दाखवला."

"नाही."

"मग मिळाला कसा?"

तो खाली बसला. तुमच्या नियमात देणारा आणि घेणारा दोघं सारखे. दोघांना एक वर्ष बाहेर. तिची शिष्यवृत्ती बंद. तिला वाचवायला तो बोलला आणि त्याच बोलण्यानं ती बुडाली. मी कोपऱ्यात उभा होतो. मला तेव्हा वाटलं, चला, निदान पोरानं कबूल तरी केलं. खोटं कशाला सांगू, मनातून बरं वाटलं. आणि मी घड्याळ बघितलं, कारण लॉरी चार वाजता यायची होती.

शनिवारी टोळी येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. विलिकेसा आला, कोयता पाजळला, ओळीला लागला. थट्टा नाही, काही नाही. नुसता खपाखप आवाज, बुडखा, शेंडा, वाढं बाजूला, बुडखा, शेंडा. कमलावतीनं डबा पुढे केला तर म्हणाला, "भूक नाही, वहिनी." तिनं माझ्याकडे बघितलं. "काय केलंत तुम्ही?" मी म्हणालो, "मी काय केलं? नियम आहे."

जेवणं झाल्यावर तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. कोयता जमिनीत रोवला.

"मास्तर, एक विचारू? माझा पोरगा तिच्याकडून वही मागेल कशी?"

"म्हणजे?"

"ती माझ्या सख्ख्या भावाची पोर. आपेनिसाची बहीण. जाणती झाल्यापासून तो तिच्याशी एक शब्द बोललेला नाही, ती त्याच्याशी नाही. ती घरात आली की तो मागच्या दारानं जातो. तुला हे ठाऊक नाही? आमच्या शेजारी जन्मलास ना?"

मला ठाऊक होतं. हेच तर आहे. अठ्ठावन्न वर्षं मी नदीच्या या काठाला आहे. फिजियन भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांसमोर फार बोलत नाहीत, हा त्यांच्यातला मान आहे, आणि चुलत म्हणजे सख्खंच, हे मी लहानपणापासून बघितलं. त्यांच्यात बापाचं नाव मागे लावतात, म्हणून दोन भावांची पोरं पटावर परकी दिसतात. पण मी पट वाचणारा कारकून आहे का? माझ्या फडात त्याचा बाप राबतो. एक वाक्य विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी त्या दोघांना कपाटाएवढ्या खोलीत समोरासमोर उभं केलं आणि म्हणालो, बोला.

"मग कागद एकसारखा कसा?" माझा आवाज मलाच लहान वाटला.

"चल गावात. म्हाताऱ्याला विचार."

रविवारी चर्च सुटल्यावर मी यंगोनाच्या, म्हणजे त्यांच्या मानाच्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी घेऊन वाइनिलोलोला गेलो. रिकाम्या हातानं माफी मागता येत नाही तिथे. विलिकेसा पुढे, मी मागे. कुळातले थोरले नेमानी आजोबा चटईवर बसले होते, ऐंशीच्या पुढचे, एका डोळ्यात पांढरं. मी जुडी पुढे ठेवली, मान खाली घातली, म्हणालो, माझ्या हातून तुमच्या लेकरांचा अपमान झाला. त्यांनी जुडीला हात लावला, स्वीकारल्याच्या रीतीच्या टाळ्या वाजवल्या.

"मीही मास्तर होतो," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं. या गावच्या शाळेत."

"माहीत आहे, आजोबा."

"ही गोष्ट आमच्या कुळाची. शाळेला बाहेरचे साहेब भेटीला यायचे, त्यांना कळावी म्हणून मी ती इंग्रजीत बसवली. कुळातल्या मोठ्यांची परवानगी घेऊन. एकेक शब्द त्यांच्यापुढे ठेवला. तेव्हापासून इथलं प्रत्येक पोर ती पाठ म्हणतं. एक शब्द चुकला की परत पहिल्यापासून."

आणि त्यांनी ती म्हटली. डोळे मिटून, इंग्रजीत.

"आमची माणसं डोंगरावरून उतरली तेव्हा त्यांच्या हातात विस्तव होता आणि पायांना चिखल होता. एक म्हातारी मागे वळली आणि डोंगराला म्हणाली, आम्ही तुला सोडलेलं नाही, आम्ही नुसते खाली आलो."

लाल. पुढची ओळ, लाल. त्याच्या पुढची, लाल. पडद्यावर जे चोरीच्या रंगाचं दिसलं होतं ते या म्हाताऱ्याच्या तोंडून, श्वासाच्या जागांसकट, एकेक करून बाहेर येत होतं. मागे बायका बसल्या होत्या, त्यांत मेरेवालेसी. तिचे ओठ आजोबांबरोबर हलत होते. आपेनिसा बाहेर पायरीवर होता, आमच्याकडे पाठ करून. मला वाटतं त्याचेही हलत असतील.

"आम्ही तुझी जुडी घेतली," म्हातारा म्हणाला. "माफी झाली. पण पोरीचं वर्ष या मुळ्यांत नाही, मास्तर."

निघताना ती नळावर भांडी घासत होती. मी म्हणालो, "तू मला सांगायला हवं होतंस, बाळ."

तिनं भांडं खाली ठेवलं. वर्षभरात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ बघितलं.

"सांगितलं होतं, सर. कागदात. शेवटी."

घरी येऊन मी कागद काढला. दोन पानं लाल. खाली एक परिच्छेद पांढरा. यंत्राला त्यात काही सापडलं नव्हतं, म्हणून माझी नजर तिथवर गेलीच नव्हती. मी लेखन शिकवणारा माणूस, मी नुसतं लाल वाचलं होतं. तिचे शब्द असे होते:

"ही गोष्ट माझी नाही, आमच्या कुळाची आहे. नेमानी आजोबा म्हणतात तशीच लिहिली आहे. शब्द बदलायचा मला हक्क नाही. माझं असं एवढंच आहे की ही गोष्ट म्हणताना, म्हातारी मागे वळते त्या जागी माझा आवाज दरवेळी थांबतो. तो का थांबतो, हे मला या वर्गात शिकायचं आहे."

नऊ वर्षांत एवढं खरं मला कुणी लिहून दिलं नव्हतं. मी कमलावतीला वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती. हात तसेच पिठात ठेवून ती म्हणाली, "आणि हिला तुम्ही चर्चेत दहातले दोन दिलेत?"

सोमवारी कॉलेज उघडायच्या आधी मी दारात होतो. बाई म्हणाल्या, निकाल लागला की शाखेच्या हातात काही नसतं. मी तुम्हाला पत्र लिहिलं. नातं लिहिलं, रीत लिहिली, आजोबांचं लिहिलं, माझी चूक लिहिली, पांढरा परिच्छेद जोडला. तुमचं उत्तर दोन ओळींचं. विद्यार्थ्यानं कबुली दिलेली असल्यामुळे फेरविचार होत नाही. मी पुन्हा लिहिलं की ती कबुली खोटी होती, भावानं बहिणीसाठी दिलेली होती. त्यावर आलं, 'आपला निरोप मिळाला.' तिसऱ्या पत्रावरही तेच. चौथ्यावरही.

वर्ष सरलं. यंदा ऊस बरा आहे. आपेनिसा बापाच्या टोळीत आहे, माझ्याच फडात कोयता चालवतो. कॉलेजात परत जा म्हटलं तर म्हणतो, "तिथं मी चोर आहे, सर. इथं मी नुसता मंद आहे." थट्टा करतो, पण मला 'सर' म्हणायचं सोडत नाही, आणि ते कोयत्यापेक्षा वाईट लागतं. शिष्यवृत्तीवाले एकदा काढलेलं नाव परत घेत नाहीत. मेरेवालेसी बाजारात कापडाच्या दुकानात उभी असते. शाळेला अजून मास्तर नाही.

परवा सुट्टी होती म्हणून ती काकाचा डबा घेऊन फडावर आली. ती बांधावर दिसली मात्र, आपेनिसानं कोयता खाली ठेवला, पाठ फिरवली आणि दोन ओळी पलीकडे उसात शिरला. टोळीतल्या कुणी मान वर केली नाही. दोघं तिघं न सांगता बाजूला सरले, तिला वाट झाली. तिनं डबा बुंध्याशी ठेवला आणि ती गेली. मग तो बाहेर आला. एवढंच. अडाणी ऊसतोड्यांना जे काम करता करता कळतं, ते तुम्हाला आणि मला सह्या करताना कळलं नाही.

म्हणून हे पाचवं पत्र, आणि हे मी छापायला देतोय. मला तुमचा निरोप नको, नियम नको. एकच सांगा. तुम्ही तिघं होता. त्या मुलीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत तुमच्यातल्या कुणी वाचला होता? मी वाचला नव्हता. शिवचरण, वाइनिलोलोच्या पलीकडचा काठ, मी नाव घालून लिहून देतो की मी वाचला नव्हता. आता तुमच्यापैकी एकानं, स्वतःचं नाव घालून, उत्तर द्या.